नारिंगी सील

हेरिंग पॉइंट, मिशिगन
३ ऑक्टोबर १९९४

लाहतीसाहेबांना सायमा कांगासचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. वीज सहकारी संस्थेत तुमच्या जागेवर मी आले आहे, तुमच्याच फेरीवर. चारशे बारा घरं, तुमची खाकी वही आणि डावीकडे ओढणारा तुमचा तो ट्रक, असं सगळं एकदम माझ्या पदरात पडलंय. आधी फोन करणार होते, पण ऑफिसात सगळे म्हणाले, "वायनोला फोनवर काही ऐकू येत नाही. नुसता हो-हो म्हणतो आणि ठेवून देतो. पत्र लिही." म्हणून तुमच्या मुलीचा फ्लोरिडाचा पत्ता मिळवला.

काम तुम्हाला काय सांगायचं! पण मी कशी करते ते तुम्हाला कळावं. सील तोडते, काचेचं मीटर दोन्ही हातांनी धरून सॉकेटातून उपसते (तेवढ्यात घरातून कोणीतरी टीव्ही बंद पडला म्हणून ओरडतंच), आणि मागच्या डब्यात बॅटरी मारून बघते. मीटरचे पाय ज्या चार चिमट्यांत बसतात ते घट्ट आहेत का, निळे-काळे पडलेत का, वरच्या नळीतून पाणी उतरलंय का, हे सगळं. मग झाकणाच्या आतल्या बाजूला मेणाच्या पेन्सिलीनं तारीख आणि सही, मीटर जागेवर, आणि नवं सील. या वर्षीची सीलं हिरवी आहेत.

आत्तापर्यंत डब्यांत गांधीलमाश्यांची तीन पोळी सापडली, एक जिवंत बेडूक सापडला, आणि हॉफमनांच्या डब्यात दातांची कवळी. सीलबंद डब्यात कवळी गेली कशी, या विचारानं मला दोन रात्री झोप नाही.

तुमच्या वहीतल्या खुणाही कळत नाहीत. काही घरांपुढे नुसतं "बि." लिहिलंय. एका घरापुढे "मागून". म्हाताऱ्या नीमीच्या घरापुढे "गाणं". कसलं गाणं?

आणि पान ८७. आउने पेल्तो, पॉइंट रोडचं शेवटचं घर. दरवर्षी एकच ओळ: "उघडलं, पाहिलं, ठीक." मी गेले तर बाई पायरीवर उभ्या. मी पक्कड काढली तशा म्हणाल्या, "ए पोरी, ते ठेव खिशात. डबा उघडायचा नाही."

"मग तपासू कसा?"

"वायनो कसा तपासायचा? तळहात लावायचा आणि आत यायचा. तूही लाव आणि आत ये. कॉफी गार होतेय."

मी हात लावला, आत गेले, वेलदोड्याच्या पावाच्या तीन फोडी खाल्ल्या आणि बाहेर आले. तपासणी मात्र झाली नाही. तर हे काय प्रकरण आहे?

आपली,
सायमा कांगास


लेक वर्थ, फ्लोरिडा
११ ऑक्टोबर १९९४

सायमा,

साहेब ऑफिसात बसतात. मी भिंतींना कान लावत हिंडलो, मला काका म्हण. तू कांगासांपैकी कोणाची? गिरणीवाल्या कांगासाची असलीस तर तुझ्या आजोबांनी माझी नाव उधार नेली होती, ती अजून आलेली नाही.

माझ्या फेरीवर बाई येणार हे ऐकलं तेव्हा मी मुलीला म्हटलं, झालं, आता गावभर दिवे विझणार. पण तू मीटर दोन्ही हातांनी उपसतेस हे वाचून जरा धीर आला. पोरं एका हातानं ओढायला जातात, एक चिमटा वाकतो आणि पुढच्या हिवाळ्यात मला निस्तरावं लागतं.

"बि." म्हणजे बिस्किट. कुत्रं आहे. खिशात नसेल तर ट्रकमधून उतरू नकोस. "मागून" म्हणजे पुढच्या दारानं गेलीस तर सासूबाई धरतात आणि गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगतात. नीमीला दिसत नाही आणि त्याची बंदूक दाराशीच असते. म्हणून फाटकापासून गात जायचं. गाणं कुठलंही चालतं, पण गाण्यात खंड पडता कामा नये.

कवळी माझी. गेल्या ऑक्टोबरात शिंक आली. सील लावून झाल्यावर कळलं, आणि हॉफमनबाई दारात उभी होती. तिच्यासमोर पुन्हा डबा उघडायची लाज वाटली. पाठवू नकोस, नवी केली आहे.

आउनेचं घर सोड. ते मी बघितलेलं आहे, ठीक आहे. आणि तळहात वगैरे काही नाही, तिला काय कळतंय. डब्याला हात लावायचाच तर पालथा लावायचा. पत्र्यात करंट उतरला असला तर पालथा हात झटका बसून मागे येतो, तळहात आवळून धरतो. हे तुला कोणी शिकवलं नसेल तर आत्ता शिक.

तिच्या पायऱ्यांना वाळू टाकली का कोणी? ऑक्टोबर अखेरीला तिथे बर्फ धरतो.

वायनो


१९ ऑक्टोबर १९९४

वायनोकाका,

मी गिरणीवाल्यांचीच. नाव आमच्या गोठ्यात आहे, तिच्यात कोंबड्या राहतात.

नीमींकडे गात गेले. फाटकापासून डब्यापर्यंत आणि परत. शेवटी ते आतून ओरडले, "वायनो बरा होता गं!" कुत्र्यांचं मात्र जमलं.

आता पान ८७. तुम्ही मला सोड म्हणालात आणि मी सोडणार होते, खरंच. पण मी मूळची खोदून खोदून विचारणारी आहे. आई म्हणते, तुला लहानपणी घड्याळ दिलं तर तू वेळ कधी बघितलीच नाहीस, आधी मागचं झाकण काढलंस. मी पुन्हा आउनेबाईंकडे गेले. वाळू मीच टाकली, तुमचं नाव सांगून. त्या आत गेल्या तेवढ्यात सील नीट बघितलं. उन्हानं विटून फिकट झालंय, पण मुळात ते नारिंगी आहे.

ऑफिसात रंगांची यादी भिंतीला लावलेली आहे. नारिंगी १९७८ चं. सीलावर आकडा असतो, तो जुन्या रजिस्टरात शोधला. ते सील दिलं होतं "आ. पे." यांना. तुमची सही वा. ला. आहे.

म्हणजे १९७९ पासून १९९३ पर्यंत दरवर्षी तुम्ही "उघडलं, पाहिलं, ठीक" लिहिलंत, आणि सील मात्र १९७८ चंच आहे. काका, सील न तोडता डबा कसा उघडायचा ती विद्या मलाही शिकवा. माझा फार वेळ वाचेल.

मी ट्रेवॅरोसाहेबांना काही सांगितलेलं नाही. ते ऑफिसचे प्रमुख, मी सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. पण डिसेंबरात फेरीचा अहवाल द्यायचाय आणि त्यात मला खोटं लिहायचं नाही. ती बाई एकटी राहते. तो डबा लाकडी भिंतीवर आहे. आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही, हे मला झोपताना आठवतं.

आ. पे. कोण?

सायमा


२७ ऑक्टोबर १९९४

सायमा,

तुझं पत्र चार दिवस टेबलावर ठेवलं. मुलगी म्हणाली, बाबा, कसलं बिल आलंय का?

आ. पे. म्हणजे आर्वो पेल्तो. आउनेचा नवरा. ही फेरी आम्ही दोघं मिळून करायचो, बावीस वर्षं. तो उघडायचा-लावायचा, मी लिहायचो. त्याचं अक्षर कोंबडी चालल्यासारखं होतं. १४ नोव्हेंबर १९७८ ला त्यानं स्वतःच्या घरचा डबा बघितला, एकट्यानंच. दुसऱ्या दिवशी हरणांचा मोसम सुरू होणार म्हणून मी बंदूक साफ करायला घरी गेलो होतो.

पंधराला पहाटे आम्ही एकाच ओढ्याच्या दोन काठांना बसलो होतो. थर्मास माझ्याकडे होता. दुपारी त्याला कॉफी द्यायला गेलो तर तो झाडाला टेकून बसला होता, बंदूक मांडीवर, टोपी नीट. हृदय थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले सकाळीच. मी सकाळी गेलो नाही. हरणं बुजतील म्हणून गेलो नाही.

पुढच्या वर्षी मी एकटा त्या डब्यापुढे उभा राहिलो. पक्कड सीलावर ठेवली आणि वर बघितलं तर आउने खिडकीत. तिनं मान हलवली. नको, अशी. त्याच्या हातचं शेवटचं काम होतं ते, त्याच्या बोटानं दाबलेलं. माझा हात चालला नाही. वहीत लिहिलं "ठीक".

पण डबा न बघता सोडायचा म्हणजे काय, हे मलाही कळतं. म्हणून मी शनिवारी जायला लागलो. आर्वोनं सौनाला, त्या वाफेच्या न्हाणीघराला, विजेची शेगडी बसवली होती, गावात पहिली. शनिवारी सौना तापते तेव्हा त्या घराचं सगळं ओझं चार चिमट्यांवर येतं. चिमटा सैल असला तर तेव्हाच तापतो, इतर दिवशी मुकाट असतो. शेगडी लावून दीड तास झाला की मी पालथा हात लावायचो. थंड लागला की आत जाऊन कॉफी. पंधरा वर्षांत दोनच शनिवार चुकले, एकदा माझं अपेंडिक्स आणि एकदा हिमवादळ.

मे महिन्यापासून कोणी गेलेलं नाही. तू एवढं कर. शनिवारी संध्याकाळी जा आणि हात लाव. थंडच असेल. मला कळव.

वायनो


६ नोव्हेंबर १९९४

वायनोकाका,

थंड नव्हता.

काल गेले. शेगडी लावून दीड तास झाला होता. पालथा हात लावला आणि मागे घेतला, करंटनं नाही, चटक्यानं. डब्याची वरची उजवी बाजू इस्त्रीसारखी तापलेली. कान लावला तर आत बारीक गुंईं असा आवाज, आणि जुना रेडिओ तापल्यावर येतो तसा वास. मी धावत आत गेले आणि शेगडीचा खटका पाडला. आउनेबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"अगं, माझी आंघोळ!"

"आज लाकडावर पाणी तापवा. शेगडी लावायची नाही."

"वायनो कधी असं बोलला नाही."

"वायनोकाकांच्या वेळी डबा असा तापला नव्हता. बाई, मला तो उघडू द्या."

"वायनोला विचारल्याशिवाय नाही. तो डबा त्याचा आहे."

मी म्हटलं, मीटर संस्थेचं असतं आणि मागचा डबा घरमालकाचा, म्हणजे तुमचा. त्या म्हणाल्या, "नियम तू मला सांगू नकोस. आमच्या घरात दोन मीटरवाले जेवायचे." आणि दार लावून घेतलं. नंतर उघडून पाव हातात दिला आणि पुन्हा लावलं.

आता माझी पंचाईत ऐका. मी लाल चिठ्ठी लिहिली तर नियमाप्रमाणे वीज तोडायची आणि डबा बदलेपर्यंत जोडायची नाही. त्यांची घर तापवायची भट्टी विजेवर, विहिरीचा पंप विजेवर, आणि बाहेर उणे सहा. चिठ्ठी लिहिली नाही तर ती बाई तापलेल्या डब्याच्या भिंतीआड झोपते. तिची खाट त्याच भिंतीला आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? डबा बदलायला माझा ओन्नीमामा तयार आहे, त्याच्याकडे वायरमनचा परवाना आहे. पण वरचे दोन चिमटे मीटर उपसलं तरी जिवंतच राहतात, त्यांत वीज असतेच, त्यासाठी खांबावरून वीज तोडायला संस्थेचा माणूस लागतो. ट्रेवॅरोसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "शुक्रवारपासून सगळी माणसं रानात. सोळा वर्षं टिकलंय ना? हरणांनंतर बघू."

गावात प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर आहे. दात काढायचाय? हरणांनंतर. लग्न? हरणांनंतर.

एक विचारते, रागावू नका. डबा एका उन्हाळ्यात एवढा तापत नाही. तुम्हाला तो कधीच गरम लागला नव्हता का? खरं सांगा.

सायमा


९ नोव्हेंबर १९९४
तातडीची डाक

सायमा,

लागला होता.

दोन हिवाळे झाले. पहिल्यांदा वाटलं माझाच हात गार आहे म्हणून. मग वाटलं भिंतीवर ऊन आलं असेल. जानेवारीत, संध्याकाळी पाच वाजता, ऊन! चाळीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस स्वतःला असं फसवतो. कोमट लागायचा, मी "ठीक" लिहायचो. उघडायचं म्हणजे आर्वोचं सील तोडायचं, आणि आउनेला काय वाटेल हे मनात यायचं. मग मुलगी म्हणाली इकडे या, आणि मी आलो. पळालो म्हण हवं तर.

खाट त्या भिंतीला आहे हे मला माहीत नव्हतं. तिच्या खोलीत मी कशाला जाऊ?

हरणांनंतर नाही. हरणांनंतर अजिबात नाही. हे पत्र घेऊन ट्रेवॅरोकडे जा आणि त्याच्यापुढे ठेव. वायनो लाहतीनं पान ८७ वर खोट्या नोंदी केल्या, हे माझ्या सहीनिशी लिहून देतो. संस्थेच्या माणसानंच खोटं लिहिलं म्हटल्यावर ते ओझं संस्थेवर येतं. ट्रेवॅरोला इतर काही कळो न कळो, हे बरोबर कळतं, एक माणूस तो रानातून ओढून आणील. माझ्या नावाची काळजी करू नकोस. निवृत्तीच्या वेळी त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते परत मागितलं तरी चालेल, मागे पडतंय.

आउनेसाठी बंद चिठ्ठी सोबत आहे. तिला दे. तू ती उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करशील म्हणून आधीच सांगतो, आत एकच ओळ आहे: "आउने, उघडू दे."

झालं की लगेच लिही. मी इथे पत्रपेटीशी खुर्ची टाकून बसलोय.

वायनो


१४ नोव्हेंबर १९९४

वायनोकाका,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. मी चिठ्ठी उजेडात धरली होती. तुम्ही सांगितलं नसतं तरी धरली असती.

ट्रेवॅरोसाहेबांना पत्र त्यांच्या घरी नेऊन दिलं. ते बुटांना तेल लावत होते. दोनदा वाचलं, तुमच्या नावानं एक शिवी दिली, मग म्हणाले, "सोमवारी सकाळी आठ वाजता. खांबावर मी स्वतः चढतो. दुपारी मला रानात जायचंय." आणि चढलेही, पोट सांभाळत.

आउनेबाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "एवढंच लिहायला त्याला सोळा वर्षं लागली?" मग कोट घालून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं गारठा आहे, आत थांबा. नाही म्हणाल्या.

सील मी तोडलं नाही. पक्कड त्यांच्या हातात दिली. त्यांनी कट् करून तोडलं, जराही न थांबता.

आत उजवा वरचा चिमटा जळून निळा-काळा झाला होता, मागचा काळा ठोकळा बोट लावताच भुगा होऊन पडला, आणि त्याच्यामागच्या फळीवर हातभर तपकिरी डाग. ओन्नीमामा म्हणाला, "आणखी चार शनिवार."

पण मला तुम्हाला दुसरंच सांगायचंय. झाकण मी उलटं करून गवतावर ठेवलं होतं. आतल्या बाजूला मेणाच्या पेन्सिलीनं लिहिलेलं, आदल्या दिवशी लिहावं इतकं ठळक. अक्षर खरंच कोंबडी चालल्यासारखं आहे. मला लागेना, आउनेबाईंनीच वाचून दाखवलं:

"उजवा वरचा चिमटा सैल. हरणांनंतर बदलतो. आर्वो. १४ नोव्हें. ७८."

काका, आज तारीख तीच आहे. मी मुद्दाम धरलेली नाही, ट्रेवॅरोसाहेबांच्या शिकारीनं धरली.

आउनेबाई बराच वेळ झाकण हातात धरून बघत होत्या. मला वाटलं रडतील. तर म्हणाल्या, "या माणसाचं सगळंच हरणांनंतर." आणि पायरीवर बसून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. ट्रेवॅरोसाहेब खांबावरून ओरडले, "खाली काय चाललंय?"

तीन तासांत नवा डबा बसला. चारही चिमटे मी स्वतः तपासले. हिरवं सील बाईंच्या अंगठ्यानं दाबलं. शेगडी लावून दीड तास मी तिथेच बसले, मग पालथा हात लावला. थंड, खरोखरचा.

तुम्ही सोळा वर्षं जे सील जपलंत त्याच्याआड ते तोडायचा निरोप होता, हे तुम्हाला कसं लिहावं ते मला कळेना. म्हणून जसं झालं तसं लिहिलंय. मला वाईट वाटतंय आणि बरंही वाटतंय.

त्या म्हणाल्या, बाकीचं मी लिहीन.

सायमा


हेरिंग पॉइंट
२० नोव्हेंबर १९९४

वायनो,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ती पोर मला रोज विचारते, लिहिलंत का, लिहिलंत का. चांगली आहे. खाते चांगली.

तुझी सगळी पत्रं तिनं मला वाचून दाखवली. तुला विचारलं नाही म्हणून तिला रागावू नकोस, मीच मागितली. त्यात ऐकलं की मी खिडकीतून मान हलवली आणि तू पक्कड खाली ठेवलीस. अरे बाबा! नोव्हेंबरचा वारा सुटला होता आणि तू उघड्या डोक्यानं उभा होतास. एक माणूस नुकताच गेलेला, आणि हा दुसरा टोपी न घालता उभा! मी मान हलवली ती "असा उभा राहू नकोस" म्हणून. सीलाचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ते नारिंगी आहे हेसुद्धा मला त्या पोरीनं सांगितलं.

पुढे तू डबा उघडेनास तेव्हा मला वाटलं, याला सोसत नाही. आर्वो याचा जिवाचा मित्र, त्याच्या हातचं याला तोडवत नाही, तर आपण कशाला आग्रह करा. म्हणून जो येईल त्याला मी सांगायची, डबा वायनोचा आहे. तू माझ्यासाठी जपत होतास आणि मी तुझ्यासाठी. आणि आर्वो आत बसून दोघांना सांगत होता, सैल आहे रे, बदला. त्याच्या अक्षरामुळे जिवंतपणीही त्याचं कोणी ऐकलं नाही.

तू सकाळी ओढा ओलांडून गेला नाहीस ते तू पोरीला लिहिलंस. मला सोळा वर्षांत कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं की तूच काय, मी बायको असून मलाही तो हरणाच्या दिवशी जवळ येऊ द्यायचा नाही. आता म्हणते. ते सोडून दे.

झाकण मी सौनाच्या बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलंय, लिहिलेली बाजू वर. नारिंगी सील सोबत पाठवते. मला त्याचं काही नाही, तुला असेल तर ठेव.

आता एक खरं सांगते, मग पत्र संपवते. डबा उघडू दिला नाही त्याचं कारण सगळं तुझं दुःख नव्हतं. मीही इतकी साधी नाही. उघडला असता, दुरुस्त झाला असता, तर दर शनिवारी हात लावून बघायला तुला काही काम उरलं नसतं. मे महिन्यात तू गेलास आणि मी जूनपर्यंत कॉफी दोघांची टाकत होते. सवय.

आणि पोरीला तू लिहिलंस, तळहात वगैरे काही नाही, तिला काय कळतंय. वायनो, ती खिडकी डब्यापासून चार फुटांवर आहे. आधी तू पालथा हात लावायचास. मग इकडेतिकडे बघायचास आणि तळहात ठेवायचास. किती वेळ ठेवायचास ते मला माहीत आहे, तेवढ्यात माझे कप विसळून व्हायचे.

डबा आता थंड असतो. पालथा हात लावायला सायमा येते, दर शनिवारी, कोणी सांगितलं नसताना. मेमध्ये रस्ता मोकळा होतो. टोपी घालून ये.

आउने